उदरातील प्रतिध्वनी आणि वेळेचे मोल

सोनोग्राफी म्हटले की आपल्याकडे प्रथम स्त्रीभ्रूणहत्येचे पाप आठवते. ते आठवावे हे योग्यच. परंतु हे यंत्र मुळात कशासाठी निर्माण झाले, याचे विस्मरण होणे इष्ट नव्हे. त्यासाठी डॉ. इयन डोनाल्ड यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे लागते.

डोनाल्ड यांचा जन्म १९१० साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एका डॉक्टरच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात वैद्यकीय अधिकारी असताना रडार व सोनार या तंत्रांशी त्यांचा परिचय झाला. जळत्या विमानातून वैमानिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा शौर्यसन्मानही झाला. १९५४ साली ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

जवळच रेनफ्रू येथे बॉयलरचा कारखाना होता. धातूतील अदृश्य तडे शोधण्यासाठी तेथे श्राव्यातीत ध्वनिलहरी वापरीत. १९५५ च्या जुलैत डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून त्या कारखान्यात गेले. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी भिन्न उमटतात, हे तेथे दिसून आले. पुढे टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्या साहाय्याने यंत्र सुधारले. असाध्य कर्करोग म्हणून आशा सोडलेल्या एका स्त्रीच्या पोटात, वास्तविक बीजकोशाची निरुपद्रवी गाठ असल्याचे त्यामुळे कळले आणि ती शस्त्रक्रियेने वाचली. १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

त्यांच्याच परंपरेतील डॉ. स्टुअर्ट कॅम्बेल यांनी १९७२ साली, मेंदू व कवटीची वाढच न झालेला गर्भ वेळीच ओळखल्याचे प्रसिद्ध केले. जन्मजात दोषांच्या पूर्वनिदानाचे नवे दालन उघडले. डोनाल्ड स्वतः गर्भपाताचे कडवे विरोधक होते. ब्रिटनमधील १९६७ च्या कायद्याला त्यांनी विरोध केला. हृदयविकाराशी झुंजत काम करणारा हा माणूस १९८७ साली निवर्तला.

त्यांच्या मताशी सहमत व्हावेच असे नाही. पण निदान म्हणजे केवळ गर्भपात नव्हे, हे त्यांच्या आयुष्यातून उमगते. हृदयाच्या मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेले मूल जन्मापूर्वी ओळखले गेले, तर प्रसूती सुसज्ज रुग्णालयात करून ते वाचविता येते. असे दोष एकेकटे पाहता विरळ असतात. परंतु ज्या घरात ते उद्‌भवतात, त्या घराला सरासरीचे आकडे काय सांत्वन देणार?

लिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला. हा अंकुश आवश्यकच आहे. मात्र तो लिंग सांगणाऱ्यावर चालावा, दोष शोधणाऱ्यावर नव्हे. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भात गंभीर विकृती आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या संमतीने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची मुभा दिली. पण उशिराच्या निर्णयाचे शारीरिक व मानसिक ओझे कायदा हलके करू शकत नाही.

अर्थशास्त्रात माहितीला मोल असते, ते ती वेळेवर हाती आली तरच. अठराव्या ते विसाव्या आठवड्यातील तपासणी शहरातील सुखवस्तू गर्भवतीइतकीच शेतमजूर स्त्रीलाही सहज मिळाली पाहिजे. कारखान्यातील लोखंडाचे तडे वेळीच शोधणाऱ्या समाजाने मातेच्या उदरातील जिवाबाबत दिरंगाई करावी, हा हिशेब कोणत्याही शास्त्रात बसणार नाही.