गणितातल्या ‘एक्स’च्या आधी होता आपला ‘या’!
समीकरणात ‘एक्स’ यायच्या कितीतरी आधी आपल्याकडे अज्ञात संख्येसाठी ‘या’ लिहायचे. ‘यावत्तावत्’, म्हणजे जेवढं असेल तेवढं, याचं ते पहिलं अक्षर. दुसरी अज्ञात संख्या ‘का’ म्हणजे काळी, तिसरी ‘नी’ म्हणजे निळी.

१११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांचे गुरू म्हणजे वडील महेश्वर. ३६व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातला एक भाग बीजगणिताचा.

पण शिकणारे नसले तर पोथी टिकत नाही. म्हणून नातू चांगदेवाने चाळीसगावजवळ पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवणारा मठ काढला. १२०७च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. मठाला बाजारातल्या मालाचा वाटा मिळायचा, हेही त्यावर मराठीत कोरलंय. थोडक्यात, या गणिताच्या वर्गाचा खर्च गावच्या बाजाराने उचलला.