लुई ब्रेल यांचा दुसरा डोळा का गेला?

ब्रेल लिपी तुम्हाला माहीत असेलच. पण ती तयार करणाऱ्या लुई ब्रेल यांच्या एकाच डोळ्याला इजा झाली होती, हे माहीत आहे का?

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे गावी झाला. वडील घोड्यांची खोगिरे बनवत. तीन वर्षांचा लुई त्यांच्या अवजारांशी खेळत होता आणि आरी डोळ्यात घुसली. पुढे चांगला डोळाही दाहाने बिघडला. पाचव्या वर्षी मुलगा पूर्ण अंध झाला.

दोनशे वर्षांनंतर छातीठोक निदान करता येत नाही, पण हा क्रम सिम्पथेटिक ऑफ्थॅल्मियाशी जुळतो. डोळ्यातली काही प्रथिने एरवी प्रतिकारशक्तीच्या नजरेआड असतात. भेदक जखमेने ती उघडी पडली की शरीर त्यांना परके समजते आणि दोन्ही डोळ्यांवर हल्ला करते. दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर, म्हणजे कोरॉइड, सुजतो. आजार दुर्मिळ आहे. तो बहुधा जखमेनंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसतो, क्वचित अनेक वर्षांनी.

लुई दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत गेले. शार्ल बार्बिए यांची बारा ठिपक्यांची लिपी बोटाखाली मावत नव्हती. त्यांनी ती सहा ठिपक्यांवर आणली, तेव्हा ते जेमतेम पंधरा वर्षांचे होते. १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. ते शाळेत शिकवत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. १८५२ मध्ये क्षयाने गेले.

आज असा मुलगा आला तर जखम लगेच शिवली जाते. दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवतात. धूसर दिसणे, उजेड सहन न होणे, जवळचे वाचता न येणे, डोळ्यासमोर काळे ठिपके, यांपैकी काहीही झाले तर बाहुली मोठी करून तपासणी, ओसीटी आणि अँजिओग्राफी होते. क्षय व सिफिलिस नाहीत ना, हेही पाहतात, कारण त्यांचा दाह असाच दिसू शकतो. मग मोठ्या मात्रेत स्टिरॉइड आणि बहुतेकदा अझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेटसारखी औषधे, अनेक महिने. बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करू नका, दाह उलटतो.

मुलाच्या डोळ्यात कर्कटक किंवा तार घुसली, तर ती ओढून काढू नका, डोळा चोळू किंवा धुऊ नका. वर कागदी कपासारखे काही हलकेच धरा, दाब पडू देऊ नका आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या. जखम भरल्यावरही पुढच्या तपासण्या चुकवू नका, आणि डॉक्टरांना दोन्ही डोळे तपासायला सांगा.