नदीखालून पाणी नेणारे विश्वेश्वरय्या

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे फार मोठे इंजिनिअर होऊन गेले. त्यांचा जन्म १५ सप्टेंबर १८६१ रोजी म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. बंगलोरला शिकताना ते दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत आणि त्या पैशांत आपलं शिक्षण करत. पुढे शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते पुण्याला आले. १८८३ साली इंजिनिअरच्या परीक्षेत त्यांचा पहिला नंबर आला. म्हणजे इंजिनिअर ते आपल्या महाराष्ट्रातच झाले!

१८८४ साली त्यांना सरकारी नोकरी लागली आणि खानदेशात पाठवलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात दातर्ती गाव आहे. तिथे पांझरा नदीच्या पात्राखालून मोठी नळी टाकून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं होतं.

नळीत पाणी आधी खाली उतरतं आणि पलीकडे परत वर चढतं. कसं चढतं? गवंडीकाका लेवल काढायला पाण्याची नळी धरतात, तिच्यात दोन्हीकडे पाणी सारखंच उभं राहतं. तसंच. पण वाहतं पाणी नळीला घासत जातं, म्हणून वाटेत त्याचा दाब कमी होतो. त्यामुळे पलीकडचं तोंड थोडं खाली ठेवावं लागतं. किती खाली, हाच खरा हिशेब! फार खाली ठेवलं तर उंचावरची शेतं कोरडी राहतात. कमी ठेवलं तर पुरेसं पाणीच येत नाही. नळी एकदा नदीखाली गाडली की हात घालता येत नाही.

नळी अरुंद असली तर लयच दाब जातो. हे मी पाटीवर करून पाहिलं. दोन घरं रुंद, दोन घरं उंच अशी चौकोनी नळी काढली, तर चार घरं होतात. रुंदी-उंची निम्मी केली की एकच घर उरतं. तेवढंच पाणी त्या एका घरातून जायचं, तर चौपट जोरात पळावं लागतं. आणि वेग चौपट झाला की दाबाची घट सोळापट होते, असं बाईंनी सांगितलं. आमच्या मळ्यात पाइपला मुरड पडली की तुषारच्या तोट्या फिरतच नाहीत, नुसत्या गळतात. त्याचं कारण हेच.

दातर्तीला पावसाळा लागला. पूर यायचा आणि वाळूनं काम बुजून जायचं. विश्वेश्वरय्यांनी वरच्या साहेबांना लिहिलं की पावसाळा संपल्यावर काम करू. साहेबांना ते आवडलं नाही. मग त्यांनी भर पावसाळ्यातच काम पुरं केलं. मला वाटतं त्यांचं म्हणणं बरोबर होतं, तरी त्यांनी काम सोडलं नाही.

पुढे १९०३ साली पुण्याजवळ खडकवासला धरणाला त्यांनी आपोआप उघडणारी दारं बसवली. म्हैसूरला ते दिवाण झाले. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ साली ते वारले, तेव्हा त्यांची शंभरी उलटली होती. त्यांच्या जन्मदिवशी भारतात अभियंता दिन असतो.

मी नकाशात पांझरा शोधली. ती तापीला जाऊन मिळते. आपली पैनगंगा मात्र वर्धा नदीकडे जाते.

– इयत्ता ४ थी, हिवरा आश्रम