विश्लेषण : भाजलेल्या हातांची बोटे आखडू नयेत म्हणून झटणारे विल्हेल्म फॅब्री कोण होते?

भाजलेली जखम भरली की उपचार संपले, असे अनेक पालकांना वाटते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र धोक्याचा दुसरा टप्पा तेव्हाच सुरू होतो. व्रण आवळत जातो आणि बोटे आखडतात. हे ओळखून त्यावर उपाय शोधणाऱ्या सुरुवातीच्या शल्यचिकित्सकांत विल्हेल्म फॅब्री यांचे नाव घेतले जाते.

फॅब्री कोण होते?

त्यांचा जन्म १५६० मध्ये जर्मनीतील हिल्डेन येथे झाला. त्या काळी शल्यचिकित्सा ही वैद्यांपेक्षा खालच्या दर्जाची कारागिरी समजली जाई. फॅब्रीही विद्यापीठात नव्हे, तर गुरूच्या हाताखाली शिकले. पुढे ते स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले. १६३४ मध्ये बर्न येथे त्यांचे निधन झाले. जर्मन शल्यचिकित्सेचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

त्यांचे योगदान काय?

१६०७ मध्ये त्यांनी केवळ भाजण्याच्या जखमांवर लॅटिन ग्रंथ लिहिला. जखम किती खोल आहे यावरून त्यांनी तीन श्रेणी ठरवल्या आणि श्रेणीनुसार उपचार सुचवले. खोलीवरून उपचार ठरवण्याची ही पद्धत सुधारित रूपात आजही चालते. भाजल्यानंतर आखडलेला हात हळूहळू सरळ करण्यासाठी हाताला बांधायचे साधनही त्यांनी वापरले. आजच्या स्प्लिंटचे ते पूर्वरूप म्हणता येईल.

मुलांसाठी हे महत्त्वाचे का?

मुलांची त्वचा पातळ असते. त्यामुळे मोठ्यांना वरवर भाजणारा चहा मुलांना खोलवर भाजतो. शिवाय मूल वाढते, पण व्रण त्या प्रमाणात ताणला जात नाही. म्हणून जखम भरल्यावरही स्प्लिंट, व्यायाम, व्रणावर दाब देणारे घट्ट कपडे आणि गरज पडल्यास पुन्हा शस्त्रक्रिया लागते. मूल मोठे होईपर्यंत तपासणी सुरू ठेवावी लागते.

पालकांनी काय करावे?

भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा आणि बाकीचे अंग उबदार ठेवावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. फोड फोडू नयेत. चेहरा, हात किंवा सांध्यावर भाजले असल्यास मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. जखम भरल्यानंतर बोट पूर्ण सरळ होत नसेल, तर आपोआप सुटेल म्हणून थांबू नये.