नळातली हवा आणि मलिक अंबर



फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवात सरांनी द्रव आणि वायू यांतला फरक विचारला. मी दोन्ही वाहतात असं सांगून बसले. फरक विचारला होता, मी साम्य सांगितलं! खरं उत्तर मला आपल्याच शहरात सापडलं, तेही चारशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या कामात.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात एक मुलगा जन्मला. नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि एकदा नाही, अनेकदा. बगदादच्या एका मालकाने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. गंमत म्हणजे हा चंगेजखानही एकेकाळी गुलामच होता. तो वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा बुडती निजामशाही याच अंबरने उचलून धरली.

१६१० मध्ये त्याने खडकी या गावी राजधानी वसवली. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. पण नुसत्या तटबंदीने शहर होत नाही, प्यायला पाणी लागतं. म्हणून त्याने उत्तरेकडच्या टेकड्यांखालचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. (पाणचक्की नंतरची, १७४४ ची. मीही गल्लत करायचे.) पंप कुठून असणार? सगळं काम उताराचं. दगड वाहत नाही. पाणी मात्र बंद नळातून खोलगट भागात उतरतं आणि पलीकडे पुन्हा चढतं, फक्त उगमाची पातळी ओलांडत नाही.

खरी अडचण हवेची. शंभर वातावरणांचा दाब दिला तरी पाणी जेमतेम अर्धा टक्का आकसतं. हवा मात्र दुप्पट दाबातच निम्मी होते. शिवाय ती हलकी, त्यामुळे नळाच्या उंच भागात जाऊन बसते आणि पाण्याची वाट अडवते. म्हणून नहरीवर जागोजागी उंच बांधीव खांब आहेत. त्यांत पाणी वर चढतं, अडकलेली हवा निघून जाते आणि जादा दाबही उतरतो. माझ्या व्हायवाचं उत्तर असं भर रस्त्यात उभं होतं!

याच अंबरने १६२४ मध्ये भातवडीला तलावाचा बांध फोडून मोगल आणि आदिलशाही फौजांना चिखलात रुतवलं. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढले. दोन वर्षांनी, ऐंशीच्या घरात, तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. आम्ही चौघी गेलो तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं.

हॉस्टेलचा नळ हल्ली सकाळी खोकायला लागला की रूममेट वैतागते. मी तिला सांगते, थांब, आधी हवा जाऊ दे.