लग्नगड्यांचा न चाललेला दावा

ड्रेड स्कॉट आणि त्याची पत्नी हॅरिएट या गुलाम जोडप्याने आपल्या मुक्ततेसाठी १८४६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या न्यायालयात दावा लावला. अकरा वर्षांनी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. न्याय मिळाला नाही, परंतु निदान दावा तरी उभा राहिला. झाईच्या किनाऱ्यापासून तलासरी-डहाणूच्या डोंगरापर्यंतच्या वारली मुलखात लग्नगड्यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. लग्नासाठी जमीनदाराकडून किरकोळ रक्कम उचलावी आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, नवराबायको दोघांनी त्याच्याकडे राबावे, अशी ही रीत. वस्तुतः गुलामावरील मालकी न्यायालयांनी मानू नये असा कायदा १८४३ सालीच झाला होता. सक्तीने राबविणे हा दंडसंहितेप्रमाणे गुन्हाच होता. पण ज्याच्या कर्जाचा हिशेब सावकाराच्या वहीत आणि ती वही ज्याला वाचता येत नाही, त्याने कोर्टाची पायरी चढावी कशी?

गोदावरी परुळेकर या स्वतः कायद्याच्या पदवीधर. १९०७ साली पुण्यात गोखल्यांच्या घरी, एका वकिलाच्या पोटी त्यांचा जन्म झाला. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. १९३९ साली त्यांनी शामराव परुळेकरांशी विवाह केला आणि पुढे दोघेही किसान सभेच्या कार्यात पडले. वकिलीचा झगा त्यांनी चढविला असता तर एखाद्‌दुसरा दावा त्या जिंकत्याही. मुलूख मात्र तसाच राहता.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली जमले. वेठ करायची नाही, रोजी बारा आणे रोख घेतल्यावाचून मालकाच्या शेतावर जायचे नाही, असे ठरले. त्यानंतर गावोगाव लाल बावट्याखाली जमाव निघाले आणि जमीनदारांच्या वाड्यांतून लग्नगडी बायकामुलांसह बाहेर पडले. साक्ष नाही, पुरावा नाही, स्टँपही नाही!

किंमत पडलीच. गवतकापणीचा संप चालू असता, गोदावरीबाईंच्या सभेची खोटी आवई उठवून ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला लोक गोळा करण्यात आले आणि पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह पाच जण मृत्युमुखी पडले. परुळेकर दांपत्य जिल्ह्यातून हद्दपार झाले.

या साऱ्याची हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्यांनी लिहिली. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९९६ साली त्या निवर्तल्या. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा संसदेने केला तो १९७६ साली. झरीचे लग्नगडी आपापल्या झोपडीत परतून तोवर एकतीस वर्षे झाली होती.