ज्युलिया लेथ्रोप

ज्युलिया क्लिफर्ड लेथ्रोप (२९ जून १८५८ – १५ एप्रिल १९३२) या अमेरिकन समाजसुधारक होत्या. अमेरिकेच्या संघीय सरकारने १९१२ मध्ये स्थापन केलेल्या 'चिल्ड्रन्स ब्यूरो' या बालकल्याण विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख होत. अशा संघीय विभागाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या.

पूर्वायुष्य

लेथ्रोप यांचा जन्म इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे झाला. त्यांचे वडील वकील व काँग्रेसचे सदस्य होते. आई स्त्री-मताधिकाराच्या पुरस्कर्त्या होत्या. १८८० मध्ये व्हासर महाविद्यालयाची पदवी घेतल्यावर त्यांनी वडिलांच्या कचेरीत काम केले. १८९० मध्ये त्या शिकागोतील 'हल हाऊस' या समाजसेवी संस्थेत जेन ॲडम्स यांच्या सहकारी झाल्या.

इलिनॉयमधील कार्य

१८९३ मध्ये राज्याच्या धर्मादाय मंडळावर नियुक्ती झाल्यानंतर त्यांनी सर्व १०२ काउंटींतील अनाथ-निराधारांच्या सरकारी आश्रयगृहांची पाहणी केली. तेथे मुले, वृद्ध व मनोरुग्ण यांना एकत्र ठेवले जाई. १८९९ मध्ये शिकागो येथे अमेरिकेतील पहिले बालन्यायालय स्थापन झाले. त्यामागील प्रयत्नांत लेथ्रोप अग्रभागी होत्या. मात्र मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्यांना सरकारी तिजोरीतून वेतन देण्याची तरतूद त्या कायद्यात नव्हती. त्यामुळे आरंभीची काही वर्षे हे वेतन देणग्यांतून द्यावे लागले.

बालकल्याण विभाग

राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी १९१२ मध्ये त्यांची विभागप्रमुखपदी नियुक्ती केली. प्रारंभी विभागाकडे १५ कर्मचारी व वर्षाला सुमारे २५,००० डॉलरची तरतूद होती. एवढ्या अल्प निधीत लेथ्रोप यांनी बालमृत्यूंच्या अभ्यासाला प्राधान्य दिले. पेनसिल्व्हेनियातील जॉन्सटाउन येथील पाहणीत वडिलांची मिळकत जितकी कमी, तितके बालमृत्यूंचे प्रमाण अधिक असल्याचे आढळले. जन्मनोंदणीच्या प्रसारासाठीही विभागाने मोहीम राबविली.

बालमजुरीला आळा घालणाऱ्या १९१६ च्या कीटिंग-ओवेन कायद्याची अंमलबजावणी या विभागाकडे आली. परंतु १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. माता व बालकांच्या आरोग्यासाठी संघीय सरकारने राज्यांना अनुदान द्यावे, ही लेथ्रोप यांची योजना १९२१ च्या शेपर्ड-टाउनर कायद्यात साकार झाली. त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या व ग्रेस ॲबट त्यांच्या जागी आल्या.

वारसा

वैद्यकीय संघटनेच्या विरोधामुळे या कायद्याला मुदतवाढ मिळाली नाही व १९२९ मध्ये अनुदान थांबले. लेथ्रोप यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने माता-बालकांसाठीचे संघीय अनुदान पुन्हा सुरू केले.